खळ्यावरचा पहिला वाटा कोणाचा? संदेष्टे, सेवक आणि मंडळीची पहिली दीडशे वर्षं

अनुग्रह_नगर (धागाकर्ता)

सिरियातल्या अंत्युखिया शहराच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायात, अगब नावाचा संदेष्टा (देवाचा संदेश सांगणारा) उभा राहतो आणि पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने सांगतो की मोठा दुष्काळ पडणार आहे. बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 11. रोमन सम्राट क्लौद्य कैसराच्या कारकिर्दीत (इ.स. 41 ते 54) तो पडलाही. यहूदी इतिहासकार जोसेफस लिहितो की अदियाबेनी या राज्याची राणी हेलेना हिने त्या दिवसांत यरुशलेमच्या लोकांसाठी मिसरातून धान्य आणि सायप्रसहून सुकी अंजिरं आणवली.

मी दर वेळी अडकतो तो पुढच्या वाक्यापाशी. संदेश ऐकून अंत्युखियाच्या लोकांनी दुष्काळाची तारीख विचारली नाही की घरात साठा केला नाही. ज्याची जेवढी ऐपत तेवढी मदत गोळा करून त्यांनी ती बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांच्या हाती यहूदीयातल्या भावांकडे पाठवली. संदेश एका माणसाचा, पण त्याचं धान्य झालं ते मंडळीच्या हातून.

म्हणून माझं म्हणणं असं: पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत संदेष्टे मागे पडले आणि अध्यक्ष (बिशप), वडील (मंडळीतले नेमलेले ज्येष्ठ), सेवक (डीकन) पुढे आले, याला लोक मंडळीची घसरण म्हणतात. मला ती घसरण वाटत नाही. संदेष्टा येतो आणि जातो. विधवेच्या दारात रोज भाकर घेऊन जाणारा माणूस मात्र गावातच राहावा लागतो.

पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचंच बघा. त्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात दोनदा आठवण आहे की त्याच्याविषयी संदेश झाले होते आणि वडीलवर्गाने नेमणुकीची खूण म्हणून त्याच्यावर हात ठेवले होते. पण ते संदेश काय होते, एक शब्द नोंदलेला नाही. नोंदलं आहे ते हे, की त्या कृपादानाविषयी हयगय करू नको, वाचन, बोध आणि शिक्षण यांकडे लक्ष दे. संदेशाने त्याला कामाला लावलं. पुढचं सगळं पत्र कामाचंच आहे: विधवांची यादी, वडिलांचं मानधन, दासांची वागणूक.

वसईची_विहीर

दादा, मांडणी चांगली आहे, पण तुम्ही निकाल लागल्यावर जिंकलेल्याच्या बाजूने बोलताय.

'दिदाखे' वाचा. पहिल्या शतकाच्या शेवटच्या किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीच्या सुमाराची, प्रेषितांच्या शिकवणीची छोटी पोथी. शतकानुशतकं हरवलेली होती. 1873 मध्ये फिलोथेओस ब्रिएन्निओस यांना कॉन्स्टँटिनोपलमध्ये 1056 साली नकललेली प्रत सापडली आणि 1883 मध्ये ती छापली गेली. तिच्या तेराव्या अध्यायात आहे की द्राक्षकुंडाचा, खळ्याचा, गुरांचा आणि मेंढरांचा पहिला वाटा संदेष्ट्यांना द्या, कारण तेच तुमचे महायाजक. महायाजक! हा शब्द तिथे अध्यक्षासाठी नाही.

आणि पंधराव्यात? अध्यक्ष आणि सेवक निवडा, त्यांना तुच्छ लेखू नका, कारण तेही संदेष्ट्यांचं आणि शिक्षकांचंच काम करतात. तुच्छ लेखू नका असं बजावावं लागलं, म्हणजे लोक लेखत होते. संदेष्ट्यांसमोर हे अध्यक्ष कमी वाटत होते. पुढे त्याच अध्यक्षांनी संदेष्ट्यांना दारं बंद केली. याला घसरण म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

अनुग्रह_नगर

ताई, अकरावा अध्याय का गाळलात? फिरस्ता प्रेषित आला तर त्याला प्रभूसारखं मानून घ्या, पण मुक्काम एक दिवस, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना फक्त पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकर. पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या आवेशात जेवण मांडायला सांगून स्वतःच त्यातलं खाल्लं, तर खोटा. हे नियम कुणी हौस म्हणून लिहीत नाही. फसलेल्या गावांनी लिहिलेले नियम आहेत ते. बाराव्या अध्यायात तर 'ख्रिस्तावर धंदा करणारा' यासाठी एक वेगळा शब्दच आहे.

रूथ_जालना

मी इतिहास शिकलेली नाही, पण या अकराव्या अध्यायावर मला बोलायचं आहे.

चार वर्षांपूर्वी आई आजारी होती. बाहेरून आलेल्या एका वक्त्याने सभेत तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की देव हिला बरं करणार आहे, मात्र घराने विश्वासाचं बी पेरलं पाहिजे. आम्ही अकरा हजार रुपये पेरले. आई सात आठवड्यांनी गेली. त्या माणसाचा फोन नंतर कधी लागला नाही. मंडळीतल्या एक काकू मात्र त्या सात आठवड्यांत रोज संध्याकाळी यायच्या, आईची पाठ पुसायच्या, चादर बदलायच्या. त्यांनी कधी कसलं भाकीत सांगितलं नाही. जाताना स्तोत्र 23 म्हणायच्या.

दिदाखेबद्दल मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रडले. एवढ्या जुन्या काळी कुणीतरी लिहून ठेवलं होतं की आत्म्याच्या नावाने 'मला पैसे द्या' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आम्हाला हे कुणी का सांगितलं नाही?

शब्दवेध

रूथताई, तुमच्याबद्दल खरंच वाईट वाटतं. त्याच वाक्याचा उरलेला अर्धा भागही तुमच्या कामाचा आहे: तो दुसऱ्या गरजवंतांसाठी द्या म्हणाला, तर त्याचा कुणी न्याय करू नये. म्हणजे कसोटी पैशाचीच, पण पैसा कुठे जातो याची. अगबाचा संदेश या कसोटीला उतरतो. तुमच्या आईला भाकीत सांगणारा माणूस उतरत नाही.

आता धागाकर्त्यांना दोन गोष्टी.

एक, तीमथ्याची पत्रं पौलाच्या हातची नाहीत, पुढच्या पिढीतली आहेत, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. ते धरलं तर तुमचा मुद्दा बदलतो. मग त्या पत्रात अशी मंडळी दिसते, जिथे संदेश ही आठवण झाली आहे आणि हात ठेवणं हा रिवाज. 'तुझ्याविषयी पूर्वी झालेले संदेश', हा 'पूर्वी' महत्त्वाचा.

दोन, पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, जे निर्विवाद त्याचं आहे आणि साधारण 54-55 चं आहे, त्यात संदेश हे सेवेच्या आधीचं काही नाहीच. अध्याय 14 मध्ये संदेश देणारा माणसांची उन्नती करतो, त्यांना उत्तेजन देतो, सांत्वन करतो. ही सेवाच आहे. दोघा-तिघांनी बोलावं, इतरांनी पारख करावी, आणि बसलेल्या एखाद्याला काही प्रकट झालं तर बोलणाऱ्याने गप्प व्हावं. बसलेला कुणीही! आज एखाद्या रविवारच्या उपासनेत मागच्या बाकावरची बाई उठली तर पाळक उपदेश थांबवतील का?

अनुग्रह_नगर

लेखकाबद्दलचा वाद मला माहीत आहे. माझा मुद्दा त्याने पडत नाही. उलट दुसऱ्या पिढीलाही आठवत होतं की नेमणुकीच्या मुळाशी संदेश होता, म्हणजे दोन्हींत वैर नव्हतं. अंत्युखियातच बघा, कृत्ये, अध्याय 13: संदेष्टे आणि शिक्षक उपास करत असताना आत्मा म्हणतो, बर्णबा आणि शौल यांना मी बोलावलेल्या कामासाठी वेगळे करा. 'कामासाठी'. मग मंडळीने हात ठेवले आणि पाठवलं.

पण मागच्या बाकावरच्या बाईचा प्रश्न मला टाळता येत नाही. खरं उत्तर, नाही थांबवणार.

फिलिप्पकन्या

तो प्रश्न मी पुढे नेते, कारण माझं हे टोपणनाव त्यासाठीच आहे.

पौल शेवटच्या वेळी यरुशलेमला निघाला तेव्हा कैसरीयात फिलिप्पाच्या घरी उतरला. फिलिप्प म्हणजे त्या सातांपैकी एक, ज्यांना कृत्यांच्या अध्याय 6 मध्ये विधवांच्या रोजच्या वाटणीची तक्रार सोडवायला निवडलं होतं. पंगतीत वाढणारा माणूस. आणि त्याच्या चार कुमारी मुली संदेश देणाऱ्या होत्या. वाढप आणि संदेश एकाच छपराखाली, एकाच कुटुंबात! धागाकर्त्यांनी ज्या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या, त्या त्या घरात एका चुलीवर शिजत होत्या.

त्याच घरात अगब पुन्हा येतो, पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि या कमरबंदाच्या मालकाला यरुशलेमेत असंच बांधतील म्हणतो. त्याचे शब्द कृत्यांचा लेखक लूक याने लिहून ठेवले. चार मुलींचा एकही शब्द नाही. एका वाक्यात त्या येतात आणि पुढच्या वाक्यात पुरुष बोलायला लागतो.

शंभरेक वर्षांनी फ्रुगियात (आजच्या तुर्कस्तानात) मोंतानुस या संदेष्ट्याने नवी चळवळ सुरू केली आणि त्याच्याबरोबर प्रिस्किला आणि मॅक्झिमिला या दोघी संदेष्ट्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्या चळवळीचे लोक याच मुलींचा दाखला देत होते. मॅक्झिमिलाचं एक वाक्य विरोधकांच्याच लिखाणातून टिकलं: मला लांडग्यासारखं मेंढरांपासून हुसकतात, मी लांडगा नाही, मी शब्द, आत्मा आणि सामर्थ्य आहे. अध्यक्षांनी तिची परीक्षा घ्यायचा प्रयत्न केला. पारख सगळ्या मंडळीने करायची हे पौलाचं म्हणणं होतं. इथे खुर्चीवरचे लोक पारख करायला आले.

म्हणून 'संदेष्टा येतो जातो, सेवक राहतो' हे वाक्य मला बोचतं. संदेष्टे गेले तेव्हा पुरुष संदेष्टे अध्यक्ष होऊ शकत होते. बाया कुठे गेल्या?

शब्दवेध

बोचायलाच हवं. पण मॅक्झिमिलाने युद्धं आणि उलथापालथी होतील असंही सांगितलं होतं. मंडळीचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने उतरवून घेतलेला एक निनावी लेखक म्हणतो की तिला जाऊन तेरा वर्षांहून जास्त झाली, कुठे युद्ध नाही, उलट ख्रिस्ती लोकांनाही शांतता आहे. आणि अपोल्लोनियस नावाचा विरोधक आरोप करतो की या चळवळीने उपदेशकांना पगार सुरू केले, गरिबांकडून आणि विधवांकडूनही देणग्या घेतल्या. विरोधकाचा आरोप आहे, अर्धाच धरा. तरी कसोटी तीच आहे ना, रूथताईंच्या घरातली?

वसईची_विहीर

कसोटी तीच, पण लावणारा कोण? तीच कसोटी अध्यक्षांना कोण लावत होतं?

इग्नाशियसचं फिलदेल्फियाकरांना पत्र घ्या, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचं. तो स्वतः अंत्युखियाचा अध्यक्ष. म्हणतो, मी तुमच्यात असताना देवाच्या आवाजात ओरडलो की अध्यक्षाकडे, वडीलवर्गाकडे आणि सेवकांकडे लक्ष द्या. काहींना वाटलं याला आधीच तिथली फूट माहीत असणार. तो म्हणतो नाही, आत्म्यानेच सांगितलं. तो खोटं बोलतो असं मी म्हणत नाही, रोमला मरायला निघालेला माणूस आहे तो. पण संदेशाचा विषयच 'अध्यक्षाचं ऐका' हा झाला, तेव्हा एक दार बंद होत होतं एवढं तरी मान्य करा.

रूथ_जालना

माझ्या काकूंना कुणी सेविका म्हणून नेमलं नव्हतं, त्यांच्यावर कुणी हात ठेवले नव्हते. मग या वादात त्या कुठल्या बाजूला?

फिलिप्पकन्या

फिबीच्या बाजूला. रोमकरांस पत्र, अध्याय 16: किंख्रिया इथल्या मंडळीची सेविका, पुष्कळांना आणि स्वतः पौलालाही साहाय्य केलेली. मूळ ग्रीक शब्द तोच, जो इतरत्र पुरुष सेवकांसाठी आहे.

आणि रूथताई, अगबाच्या दुष्काळासारखंच आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला झालं. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि 1900 मध्ये गुजरातेतून मुली आणल्या, त्यांना खाऊ घातलं, शिकवलं. मुक्ती या त्यांच्या तिथल्या संस्थेतलं ते प्रसिद्ध आत्मिक जागरण 1905 चं. मुलींच्या तोंडून प्रार्थना फुटल्या त्या आधी ताटात पडलेल्या भाकरीनंतर. तिथे सेवा करणाऱ्या आणि बोलणाऱ्या एकच होत्या, आणि त्यांना गप्प बसा म्हणणारं तिथे कुणी नव्हतं.

अनुग्रह_नगर

हे मला आधी सुचायला हवं होतं. केडगाव आमच्यापासून लांब नाही, लहानपणी दोनदा गेलो आहे.

मी माघार कुठे घेतो ते स्पष्ट लिहितो. संदेष्टे मागे पडणं ही घसरण नव्हती, असं मी सरसकट म्हटलं. ते चूक. फिलिप्पाच्या घरातली दोन कामं पुढे वेगळी झाली, आणि त्यात बायकांचा आवाज गेला. हे नुकसान होतं आणि ते अजून भरलेलं नाही. पण रूथताईंच्या आईला भाकीत सांगणाऱ्या माणसाला पारखायला मंडळीत राहणारं, नाव-गाव माहीत असलेलं, जाब विचारता येईल असं कुणी तरी हवं, यावरून मी हलणार नाही. हर्मासच्या 'मेंढपाळ' या रोमच्या ग्रंथातही खोटा संदेष्टा ओळखायची खूण हीच: तो कोपऱ्यात भविष्य सांगतो, मोबदला घेतो, आणि नीतिमान लोकांच्या भरल्या सभेत आला की रिकामा पडतो.

वसईची_विहीर

भरली सभा, हे मला मान्य. माझा आग्रह एवढाच की त्या सभेत अध्यक्षही पारखले जावेत.

उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला 203 मध्ये पर्पेतुआ ही तरुण ख्रिस्ती बाई आणि तिच्याबरोबरच्यांना त्यांच्या विश्वासापायी श्वापदांपुढे टाकलं. तुरुंगातली त्यांची स्वप्नं लिहिलेली आहेत. तिच्या सोबत्याच्या, सातुरसच्या दर्शनात स्वर्गाच्या दाराबाहेर ऑप्तातुस हा अध्यक्ष आणि अस्पासियुस हा वडील-शिक्षक दोन बाजूंना खिन्न उभे आहेत. एकमेकांशी पटत नाही. ते पर्पेतुआ आणि सातुरसच्या पाया पडतात आणि आमच्यात समेट करा म्हणतात. पर्पेतुआ त्यांच्याशी ग्रीकमध्ये बोलू लागते आणि सगळे बागेत, गुलाबाच्या झाडाखाली जातात. देवदूत ऑप्तातुस आणि अस्पासियुसला म्हणतात, यांना विसावा घेऊ द्या, तुमचं भांडण तुम्हीच मिटवा. आणि ऑप्तातुसला वेगळं सांगतात, आधी तुझ्या लोकांना सुधार.

रूथ_जालना

दिदाखेच्या त्याच तेराव्या अध्यायात मला आणखी एक ओळ सापडली, वसईच्या ताईंनी ती सांगितली नव्हती. पहिला वाटा संदेष्ट्याला द्या, आणि तुमच्याकडे संदेष्टा नसेल तर गरिबांना द्या.

यंदा ज्वारीचं खळं झालं की पहिलं पोतं मी काकूंना विचारून कुठे द्यायचं ते ठरवणार आहे. त्यांना आमच्या वस्तीतली घरं माहीत आहेत.