मदत हवी आहे : ३५ मिमी निगेटिव्हचा छोटा भाग क्रॉप करून ८×१० प्रिंट

नमस्कार मंडळी. ट्राय-एक्स ४०० या कृष्णधवल फिल्मच्या एका फ्रेममधला साधारण १२×१५ मिमीचा भाग ८×१० इंचाच्या कागदावर हवा आहे. मूळ फ्रेम २४×३६. ४:५ प्रमाणासाठी लांबीतून नुसते ६ मिमी कापले, तर साडेआठ पट मोठं करून भागतं. या क्रॉपला मात्र १७ पट लागतं. ग्रेन (फिल्मचे दाणे) दिसणारच, त्याची तक्रार नाही. चेहऱ्याला तो शोभतो.

अडचण फोकसची आहे. एन्लार्जरचं (निगेटिव्हची मोठी प्रतिमा कागदावर पाडणाऱ्या यंत्राचं) डोकं वर नेलं की प्रकाश घटतो, म्हणून लेन्सच्या एफ/८ छिद्राला आधी १० सेकंद पुरत होते तिथे आता ३६ लागतात. तेवढ्यात दिव्याच्या उष्णतेने निगेटिव्ह कॅरियरमध्ये (तिला धरणाऱ्या चौकटीत) फुगते. ग्रेन फोकसरखाली (दाणे पाहून फोकस जुळवायच्या भिंगाखाली) टोकदार दिसलेले दाणे प्रिंटवर पसरतात. पापण्यांचे केस एकमेकांत मिसळलेले, कडा मात्र ठीक. काचेच्या कॅरियरने फुगणं थांबलं, पण फिल्मच्या चकचकीत बाजूला न्यूटनची वलयं (काच फिल्मला टेकल्याने दिसणारी कडी) उमटली.

फक्त वरची काच अँटी-न्यूटन (ही वलयं टाळणारी, किंचित खरखरीत) वापरून कोणाचं काम झालंय का? की साध्या कॅरियरमध्ये निगेटिव्ह आधी तापू देऊन, फुगल्यावर फोकस करून, लाल फिल्टर (त्याच्या प्रकाशाने कागद काळा पडत नाही) आड धरून कागद लावावा?

स्कॅनचाही विचार केला. २४०० डीपीआयला (इंचाला २४०० बिंदू) या तुकड्याचे जेमतेम ११३४×१४१७ पिक्सेल मिळतात, म्हणजे प्रिंटवर इंचाला साधारण १४२. फ्लॅटबेड स्कॅनरवर ४८०० लावून खरा तपशील वाढतो का, की नुसती फाइल फुगते?