आजोबा मोडी ‘पुन्हा शिकतात’ की ‘उजळणी करतात’?

कृष्णाकाठची: गावच्या वाचनालयाच्या अंकासाठी आजोबांवर लिहितेय. वय ऐंशीच्या पुढे. लहानपणी शाळेत मोडी होती, नंतर कधी लागली नाही. आता घरातली जुनी खरेदीखतं आणि वाटणीपत्रं वाचायची म्हणून रोज सकाळी वही घेऊन बसतात. मी लिहिलं, ‘आजोबा मोडी पुन्हा शिकत आहेत.’ त्यांना ते अजिबात पटलं नाही. ‘शिकतोय कसला? उजळणी करतोय!’ पण सुरुवातीला त्यांना निम्मी अक्षरं ओळखता येत नव्हती. याला उजळणी म्हणायचं का?

गुरुजी_निवृत्त: ताई, उजळणी म्हणजे जे येतं त्यावरून पुन्हा हात फिरवणं. पितळेचा तांब्या उजळायचा तर तो आधी घरात असावा लागतो. आमच्या शाळेत सुटायच्या आधी पाढे व्हायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, सगळा वर्ग एका सुरात. ज्याला पाऊणकी येत नसे तो नुसते ओठ हलवी. त्याची काही उजळणी होत नसे, त्याला दुसऱ्या दिवशी जवळ बसवून शिकवावंच लागे. म्हणून निम्मी अक्षरं गेली असतील तर ‘पुन्हा शिकणे’ बरोबर आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही हे आजोबांना माझ्यातर्फे सांगा.

‘नव्याने शिकणे’ मात्र वेगळं. तिथे जुनी सवय आडवी येते. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘त्रेसष्ट’साठी ‘साठ तीन’ असं वाचन आलं. जन्मभर त्रेसष्ट म्हणणाऱ्या शिक्षकांना संख्या नव्याने वाचायला शिकावं लागलं. आजोबांचं तसं नाही, त्यांना काही विसरायचं नाहीये.

मानसशास्त्रवाली: आजोबांची बाजू मला घ्यावीशी वाटते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच केलेले प्रयोग 1885 मध्ये प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळ जाऊ द्यायचा, मग पुन्हा पाठ करायच्या आणि वेळ किती वाचला ते मोजायचं. एका दिवसानंतर सुमारे 34 टक्के वेळ वाचला, 31 दिवसांनंतरही सुमारे 21 टक्के. म्हणजे आठवत नाही असं वाटलं तरी मागे काहीतरी उरलेलं असतं. आजोबांना ते आतून जाणवत असणार. ‘शिकतोय’ म्हटलं की शाळेतली ती वर्षं पुसल्यासारखी होतात, म्हणून त्यांना राग आला असेल.

दप्तरवाचक: मोडी कागद वाचणं माझ्या रोजच्या कामातलं आहे, म्हणून एक भर घालतो. शाळेत शिकवली ती वळणदार, सुटी मोडी. जुन्या दस्तात लेखणी सहसा उचललेली नसते, शब्द सुटे नसतात, विरामचिन्हं नाहीत, वेलांटी-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नाही. शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन अशी वळणंही वेगळी, आणि त्यात प्रत्येक कारकुनाचा हात निराळा. तेव्हा मूळाक्षरांची उजळणी, विसरलेल्या जोडाक्षरांचं पुन्हा शिकणं आणि दस्ताचं वाचन बहुधा पहिल्यांदाच शिकणं, असं तिन्ही चाललंय. लेखात तिन्ही येऊ द्या. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती निकड भासली ते आपण पाहिलंय. ऐंशीनंतर कुणी ही लिपी हातात घेतंय, ते एका क्रियापदात उरकू नका.

कृष्णाकाठची: सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबांना वाचून दाखवलं. ‘तिसरं खरं आहे’ म्हणाले. वाटणीपत्रातल्या दोन ओळी अजून लागत नाहीत त्यांना. गुरुजी, ‘मोडी गिरवतात’ असं लिहिलं तर?

गुरुजी_निवृत्त: लिहिताना गिरवतात, जरूर लिहा. वाचनाला ते चालणार नाही, तिथे ‘लावतात’. जुना कागद लावायचा असतो. आणि त्या दोन ओळींचा स्वच्छ फोटो दप्तरवाचकांना पाठवा.