भाडेकरूनं फ्लॅटची वाट लावलीय, वर डिपॉझिट पूर्ण मागतोय. काय करायचं?

कळंब्याची_ताई:
नमस्कार मंडळी. जरा सल्ला पाहिजे होता. आमचा कळंब्याला टू बीएचके आहे, आम्ही स्वतः राजारामपुरीत राहतो. 2022 ला एका फॅमिलीला दिला, भाडं साडेनऊ हजार, डिपॉझिट 30,000. माणसं बोलायला गोड, पहिली दोन वर्षं तक्रार नाही म्हणून मीपण तिकडं फारसं फिरकलो नाही (होय, कोल्हापूरची बाई आहे, गेलो-आलोच म्हणणार). आता महिनाअखेरीला सोडतोय म्हणाले आणि मागच्या दोन महिन्यांचं भाडं दिलंच नाही, म्हणे डिपॉझिटातनं वळतं करा. बरं म्हटलं. पण परवा बघायला गेलो तर डोळेच पांढरे झाले. किचनच्या ओट्याचा कडाप्पा मधोमध उभा फुटलाय, गॅसच्या डाव्या बाजूला, भेगेत हळद बसून पिवळी रेघ झालीय. त्यावर नारळ फोडत होते म्हणे! बाथरूमचा दरवाजा खालनं फुगून सोललाय, ट्रॉलीचं एक चॅनेल तुटलंय, आणि हॉलच्या भिंतीत टीव्ही दोनदा जागा बदलून लावलाय तर आठ मोठी भोकं, एका ठिकाणी गिलावाच पडलाय. लाइट बिल 2,340 थकलंय ते वेगळंच.
मिस्त्रीनं अंदाज दिला: रंग 32,000, ओटा 14,000, दार साडेसहा, ट्रॉली चार. त्यांना सांगितलं तर म्हणतात घर वापरलं की एवढं होतंच की काकू, आणि ओटा आधीच तडकलेला होता. करार शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला, तोपण 11 महिन्यांचा, नंतर नुसतं तोंडीच वाढवत गेलो. मिस्टर म्हणतात लाइट तोडू आणि सामान अडवू. मला ते पटेना.

रंकाळा_साइड:
ताई मिस्टर बरोबर बोलायलेत. टेम्पो दारात आला की गाडी आडवी लावायची, पैसे दिल्याशिवाय एक पातेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. सरळ बोटानं तूप निघत नसतंय.

कोर्टाची_पायरी:
वरच्या भावाचं अजिबात ऐकू नका. मी वकिलाकडं कारकुनी करतोय, असली प्रकरणं दर महिन्याला येतात आणि निम्म्यात घरमालकच स्वतः अडकलेला असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 29 आहे, माणूस घरात राहतोय तोवर लाइट-पाणी तोडता येत नाही. सामान अडवलं तर तो पोलिसात जाणार, आणि मग तुमचा फुटलेला ओटा राहतो बाजूला आणि तुम्हीच ठाण्यात बाकड्यावर.
दुसरं, जरा कडू आहे पण सांगतो. त्याच कायद्याचं कलम 55 म्हणतंय की करार लेखी आणि रजिस्टर पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. नुसती नोटरी म्हणजे रजिस्टर नव्हे, 11 महिन्यांचा केला की रजिस्टर लागत नाही हा आपल्याकडचा गैरसमज आहे. नसला तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही असं लिहिलंय. आणि खरी मेख अशी की अटींवरनं वाद झाला तर भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, ते खोटं हे मालकानं सिद्ध करायचं. म्हणजे डिपॉझिटातनं नुकसान कापायचं ठरलंच नव्हतं असं तो म्हणाला तर तुम्ही काय दाखवणार?
तरी हातपाय गाळू नका. नुकसानभरपाईचा दावा करता येतो, मुदत साधारण तीन वर्षांची. आधी स्पीड पोस्टानं नोटीस, त्यात कुठल्या वस्तूचे किती ते एकेक लिहायचं, "एकूण साठ हजार द्या" असलं मोघम नको. पण 50-60 हजारांसाठी कसबा बावड्याला कोर्टात तारखांना किती हेलपाटे घालणार ते आधी बघा. त्यापेक्षा किल्ली घ्यायच्या दिवशी दोघांनी उभं राहून यादी करा, आकडे टाका, सही घ्या.
पुढच्या वेळी ऑनलाइन रजिस्टर करा, एजंट घरी येऊन अंगठे घेऊन जातो. स्टॅम्प ड्युटी एकूण रकमेच्या पाव टक्का आणि महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी 1,000. एवढ्यासाठी लोक का चिकटपणा करतात देव जाणे. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची तीपण विसरू नका.

भाड्यानंच_राहतो:
दुसरी बाजूपण ऐका जरा. मी गोकुळ शिरगावला कामाला, दहा वर्षं भाड्यानं राहतोय, चार घरं झाली. 2019 च्या पुरात शाहूपुरीत आमच्या घरात पाणी आलं, भिंती महिनोन्महिने ओल्या, खालचा रंग पापडासारखा सुटायचा. दोन वर्षांनी घर सोडलं तर मालकानं गिलाव्याचे आणि रंगाचे म्हणून अख्खं डिपॉझिट ठेवून घेतलं. पंचगंगा काय मी आणली होती? म्हणून विचारतो ताई, रंग शेवटचा कधी दिला होता? जुना असेल तर 32,000 त्याच्याकडनं मागणं बरोबर नाही, चार-पाच वर्षांत रंग जातोच, कोणी राहिलं काय आणि नाही राहिलं काय. 1882 च्या ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टातसुद्धा घर होतं तसं परत द्यायचं पण वापरानं जी झीज होते ती सोडून, असंच आहे. ओट्याचं मात्र मान्य, नारळ फोडायला उंबरा नाहीतर पायरी असतीय की.

गवंडीकाम_20वर्षं:
दोन गोष्टी सांगतो कामातल्या. दार खालनं फुगलंय म्हणजे ते साधं फ्लश डोअर असणार, पाणी उडून उडून सगळीच फुगतात, त्याला खाली पत्रा नाहीतर पीव्हीसी मारायला पाहिजे होतं, ते मालकाचं काम. त्यात भाडेकरूला पूर्ण धरू नका.
कडाप्पा वेगळा. तो दगड ठिसूळ, खाली जिथं पोकळ असतो तिथं वरनं ठोका बसला की सुरीनं कापल्यासारखा उभा जातो. ज्या जागी ठोका बसला तिथं टवका उडालेला दिसंल, बोट फिरवून बघा, हाताला लागतंय. आता मूळचीच तडक होती म्हणतोय तर नुसत्या भेगेवरनं तारीख कोणीच सांगू शकत नाही, मीपण नाही. हळद सहा महिन्यांतपण बसते. घर देतानाचा फोटो असला तरच तोंड बंद होईल. आणि 14,000 मध्ये पूर्ण ओटा धरला असणार, अर्धाच बदलला तर कमीत होतंय पण जोड दिसतो आणि पुढं तिथनं पाणी मुरतंय.

कळंब्याची_ताई:
सगळ्यांचे आभार, काय झालं ते सांगते.
गवंडीदादांनी फोटोचं लिहिलं आणि माझ्या डोक्यात आलं की 2022 ला फ्लॅट भाड्यानं द्यायचाय म्हणून पोरीनं मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकले होते. तासभर वर वर सरकवत बसलो, सापडले! ओटा चकाचक, वर माझी स्टीलची परात पालथी घातलेली, तारखेसकट. रंगाचं मात्र भाड्यानंच_राहतो भाऊंचं खरं निघालं. शेवटचा रंग 2018 ला पोराच्या लग्नात दिला होता. हे वाचून जरा लाजच वाटली मला.
रविवारी गेलो, मिस्टरांना मुद्दाम घरीच ठेवलं, शेजारच्या मावशींना बोलावलं. फोटो दाखवल्यावर तो गप्प, त्याची बायकोच म्हणाली, होय काकू, गणपतीत फुटला, सांगायची भीती वाटली. मग सगळं पटापट झालं. रंग आणि ट्रॉली माझ्याकडं, भोकं-गिलावा 2,000 त्याचे, दार अर्धंअर्धं म्हणजे 3,250, ओट्याचे तो 10,000 देणार, लाइट बिल त्याचं. एकूण 17,590. दोन महिन्यांचं भाडं जाऊन डिपॉझिटातले 11,000 उरत होते ते वळते केले आणि 6,500 त्यानं तिथंच मोबाइलवरनं पाठवले, नव्वद रुपये सोडले मी. कागदावर दोघांच्या सह्या, मावशींची साक्षीदार म्हणून. जाताना तिनं घासून पुसून किचन लख्ख करून दिलं, फुटका ओटासुद्धा.
नवीन भाडेकरू बघायचाय, आता रजिस्टरच करणार. तोवर कळंबा साइडला कडाप्पाचं काम नीट करणारा कोणी असेल तर नंबर मेसेज करा, इथं टाकू नका.

रंकाळा_साइड:
नव्वद रुपये कशाला सोडलासा ताई 😄