डेक नंतर, आधी बाक

पोकेमॉन टीसीजी पॉकेट या फोनवरच्या पत्त्यांच्या खेळात नवख्याला आधी स्वतःचा डेक (पत्त्यांचा संच) बांधायला लावा, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. डेक २० पत्त्यांचाच, पण खेळल्याशिवाय त्यातलं काय ठेवायचं ते कळणार कसं? गेम तयार डेक उसने वापरायला देतो, तेच द्या. आणि ऑटो (गेमच आपोआप खेळतो ती सोय) बंद ठेवा, नाहीतर पोरं नुसती बघत बसतात.

खरी अडचण एनर्जीची, म्हणजे हल्ला करायला पोकेमॉनला जी लावावी लागते तिची. ती दर पाळीला एकच मिळते (पहिल्या खेळणाऱ्याला पहिल्या पाळीत तीही नाही), आणि पोरं ती सगळी पुढच्या, म्हणजे लढत असलेल्या पोकेमॉनवर ओततात. तो पडला की त्याच्यावरची एनर्जीही गेली. आमच्या दारव्ह्याकडच्या गावात भाच्याला शिकवताना मागच्याला, म्हणजे बाकावर थांबलेल्याला दे म्हटलं, तर म्हणे, "मामा, हा तं मांगं बसला हाय, याले कायले देऊ?" मग पासवर्ड टाकून आमच्या दोघांचीच मॅच लावली, दोन्ही फोन ओट्यावर शेजारी, हातातले पत्ते एकमेकांना उघडे. त्याचा पुढचा ईएक्स (जास्त ताकदीचा पोकेमॉन) पडला, मला एकदम २ गुण. जिंकायला ३ च लागतात. तेव्हा तो बाकावरच्या रिकाम्या पोकेमॉनकडे बघत राहिला आणि पुढच्या डावात न सांगता पहिली एनर्जी मागं दिली.