लॅपटॉपची वॉरंटी दरवर्षी वाढवू की दोन-तीन वर्षांची एकदम घेऊ?

मडकईची_माई

नमस्कार मंडळी. गेल्या चवथीच्या आधी फोंड्यात एका दुकानातून लॅपटॉप घेतला, ६४,००० ला. कंपनीची एक वर्षाची वॉरंटी होती ती संपायला आता जेमतेम महिना उरलाय आणि कंपनीकडून रोज मेल, दिवसाआड फोन. भाव असे सांगतायत, एक वर्ष ४,१००, दोन वर्षं ६,९००, तीन वर्षं ९,८००. फोनवरची मुलगी म्हणते मॅडम तीनवालंच घ्या, सगळ्यात स्वस्त पडतं. भागाकार केला तर पडतंय खरं, पण आमच्या घरी मत असं की तीन वर्षांनी हा लॅपटॉप असेल की नाही कोण जाणे, दरवर्षी चार हजार भरू, नको वाटलं त्या वर्षी सोडून देऊ. तेही पटतं.

मी घरून तीन-चार दुकानांची टॅलीची कामं करते, संध्याकाळी मुलगा त्याच्यावर अभ्यास (म्हणजे गेम) करतो. पावसात आमच्याकडे लाईट किती वेळा जाते ते विचारू नका. आणि ज्याच्याकडून घेतला तो दुकानदार वेगळंच सांगतोय, त्याच्याकडे कुठलातरी प्लान आहे दोन वर्षांचा ३,००० ला, कंपनीचं कशाला घेता म्हणतो. डोक्याचं पार खोबरं झालंय. तुम्ही काय करता?

काउंटरवरचा_म्हापसा

मी सहा वर्षं लॅपटॉपच्या काउंटरवर काढलीत, आता ते काम सोडलं म्हणून मोकळेपणाने सांगतो. दुकानातला ३,००० वाला प्लान बहुतेक वेळा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा नसतोच, तिसऱ्याच पार्टीचा असतो, आणि त्याच्यावर काउंटरवरच्या पोराला कमिशन असतं, मलाही मिळायचं. सगळेच वाईट असतात असं नाही, पण रिपेअर त्यांच्या ठरलेल्या माणसाकडे होतं, पार्ट ओरिजिनलच लागेल याची खात्री नाही, आणि दुरुस्त होण्यासारखं नसेल तर कित्येक प्लानमध्ये घसारा कापून पैसे देतात, म्हणजे तुम्ही धरून बसता ६४,००० आणि हातात येतात तिसऱ्या वर्षाच्या किमतीचे. कागद मागा त्याच्याकडे. नुसतं तोंडी ‘सगळं कव्हर आहे’ म्हणाला तर निघून या.

आता दरवर्षी की एकदम. दरवर्षी भरायचा हिशोब तेव्हाच फायद्याचा जेव्हा तुम्ही एकदाच भरून थांबणार असता. सलग दोनदा भरलं तर ८,२०० होतात, तेही भाव तसाच राहिला तर, आणि तो तसा राहील असं कोणी लिहून देत नाही, मशीन जसं जुनं होतं तसा प्लान महाग होत जातो. दुसरं म्हणजे माणूस विसरतो. आमच्याकडे गिऱ्हाईक यायचे, ‘अहो परवाच संपली ओ’. परवा संपली म्हणजे संपली. काही कंपन्या नंतर देतच नाहीत, काही आधी मशीन तपासून मग देतात.

आणि एक नक्की विचारा: तीन वर्षं म्हणजे पुढची तीन, की पहिलं वर्ष धरून तीन? हा घोळ फार असतो. हे भाव जीएसटी धरून आहेत का तेही विचारा, १८ टक्के वर लागतात.

मडकईची_माई

बाप रे पहिलं वर्ष धरून असू शकतं हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या विचारते.

सत्तरी_बाजू

माई, ऑनसाइट, म्हणजे इंजिनियर घरी येऊन दुरुस्त करणार, असं आहे का ते आधी बघा, वर्षं मागाहून मोजा. मी वाळपईच्या आत राहतो, माझ्या प्लानवर मोठ्या अक्षरात ऑनसाइट लिहिलं होतं, फोन केला तर पिनकोड विचारला आणि म्हणाले तुमच्या भागात इंजिनियर येत नाही, पणजीला आणून द्या. म्हणजे सकाळची बस, पिशवीत लॅपटॉप, वरून पाऊस. नेऊन दिल्यावर पार्ट गोव्यात नाही, बाहेरून मागवलाय, अकरा दिवस गेले. कंपनीचं नाव घेत नाही, सगळीकडे थोडंफार हेच असेल. तुम्ही फोंड्याच्या जवळ आहात, तुमच्याकडे येतीलही, पण पिनकोड सांगून होकार मेलवर घ्या. तुमचं काम दुकानांच्या हिशोबाचं, रिटर्न भरायच्या आठवड्यात अकरा दिवस लॅपटॉप नाही म्हटलं तर काय कराल?

साखळीचा_कंजूष

मी कधीच घेतली नाही आणि घेणार नाही. ते पैसे दरवर्षी वेगळे टाकतो. मागचा लॅपटॉप साडेसात वर्षं वापरला, त्यात एकदा बॅटरी ४,२००, एकदा कीबोर्ड २,६००, संपला खर्च. शेवटी मशीन धडधाकट पण विंडोज ११ घ्यायला तयार नाही, सातव्या जनरेशनचा प्रोसेसर, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बिघाड व्हायच्या आधीच म्हातारा झाला बिचारा. तुम्ही वॉरंटी कुणासाठी भरताय, कंपनीच्या फायद्यासाठीच ना? त्यांना नुकसान होत असतं तर रोज फोन केले असते का?

बेतकी४२

@कंजूष, ज्याचा मदरबोर्ड गेला नाही त्याने असं बोलणं सोपं आहे. माझा तिसऱ्या वर्षी गेला, वॉरंटी नव्हती, २७,००० सांगितले. आजकालच्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, रॅम खराब झाली तरी अख्खा बोर्ड बदला म्हणतात.

साखळीचा_कंजूष

बोर्डाचं मान्य. पण चिप लेव्हलला काम करणारे आहेत की, म्हापशात माझ्या मित्राचा बोर्ड ५,५०० मध्ये उठवला.

बेतकी४२

आणि तीन महिन्यांनी परत झोपला असेल.

साखळीचा_कंजूष

पाच 😅

पान्याची_पेटी

मी सर्व्हिस सेंटरात आहे, कुठल्या ते नको. पावसाळ्यात आमच्या टेबलावर येणाऱ्या मशिनींचं सांगतो, मग वर्षं किती घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा.

साधी एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे पहिल्या वर्षाचीच वॉरंटी पुढे ओढलेली. पार्ट आपणहून खराब झाला तर बदलून मिळतो. गोव्यात मशीन आपणहून मरतं कमी, आपण आणि आपली हवा मारते जास्त. बोर्ड उघडला की हिरवट पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसतं, ते दमटपणाने झालेलं कोरोजन, समुद्राकडच्या घरांतून येणाऱ्या मशिनींत जास्त. ते वॉरंटीत बसत नाही. मुंग्या. हसू नका, चवथीच्या आसपास लाडू-करंज्या खात काम करता आणि कीबोर्डखाली वारूळ होतं, तेही बसत नाही. चहा, पडणं, फुटलेली स्क्रीन, लाईट येताना आलेला झटका यातलं काहीच साध्या वॉरंटीत नाही. त्यासाठी वेगळं कव्हर असतं, अॅक्सिडेंटल डॅमेज, आम्ही एडीपी म्हणतो. सांडणं, पडणं आणि बहुतेक ठिकाणी विजेचा झटकाही त्यात येतो. पण साधारण वर्षाला एकच क्लेम, आणि मुंग्या-कोरोजन त्यातही नाही. काही कंपन्या एडीपी मशीन नवं असतानाच देतात, मग मागून मिळत नाही, तेव्हा तुम्हाला अजून मिळतंय का ते विचारा.

बॅटरी: वॉरंटी तीन वर्षांची घ्या नाहीतर पाच, बॅटरीला बहुतेक ठिकाणी एकच वर्ष असतं. म्हणून तुमचा जो महिना उरलाय त्यात कमांड प्रॉम्प्टवरून बॅटरी रिपोर्ट काढा, त्यात मूळ क्षमता आणि आताची फुल चार्ज क्षमता असे दोन आकडे येतात, एका वर्षात फारच खाली गेली असेल तर आत्ताच तक्रार टाका. सारखा चार्जरला लावून काम करत असाल तर सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येतं का ते पण बघा.

टॅलीचा बॅकअप वॉरंटीच्या भरवशावर ठेवू नका. एसएसडी बदलली की नवी कोरी मिळते, जुनी कंपनीकडे जाते, आतला डेटा गेला तर कोणी जबाबदार नाही. बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका (ठेवतात लोक).

आणि कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकून वॉरंटी कधी संपते ते आजच बघा. कधीकधी तारीख मशीन कारखान्यातून निघालं तेव्हापासून धरलेली असते, तुम्ही विकत घेतलं तेव्हापासून नाही. बिल अपलोड केलं की दुरुस्त करून देतात, पण संपायच्या आधी केलेलं बरं.

मडकईची_माई

सगळ्यांना देव बरें करूं. फोनवर पाऊण तास गेला पण कळलं. काउंटरवाले म्हणाले तेच निघालं! ६,९०० वाला पुढची दोन वर्षं देतो, साधा. ९,८०० वाला ती मुलगी ‘तीन वर्षं’ म्हणत होती तो पहिलं वर्ष धरून तीन, म्हणजे तोही पुढची दोनच वर्षं, फक्त त्यात एडीपी आहे. मी इथे बसून ९,८०० ला तिनाने भागत होते. जीएसटी वेगळा, म्हणजे ८,१४२ आणि ११,५६४. पिनकोड दिला, ऑनसाइट हो म्हणाले, मेल मागितलाय.

म्हणजे आता दरवर्षी की एकदम हा प्रश्नच राहिला नाही, दोन वर्षं तर दोन्हीकडे आहेत, प्रश्न एडीपीला ३,४०० जास्त द्यायचे का हा आहे. घरी चहा पिणारी चार माणसं आणि एक गेम खेळणारा, मला वाटतं देऊन टाकावे.

काउंटरवरचा_म्हापसा

द्या. स्क्रीन एकदा फुटली तर त्याच्यापेक्षा जास्त जातात. फक्त पैसे कंपनीच्या साइटवरूनच भरा, फोनवर कोणी लिंक पाठवली तर त्याच्यावर नको, वॉरंटी संपत आली म्हणून फोन करणारे सगळेच कंपनीतले नसतात. भरल्यावर एक-दोन दिवसांनी परत सिरीयल नंबर टाकून नवी तारीख दिसते का बघा. आणि मध्येच लॅपटॉप विकलात तर कंपनीची वॉरंटी सहसा सिरीयल नंबरला धरून असते, घेणाऱ्याकडे जाते, भाव जरा बरा येतो. तो मुद्दा घरी सांगा, दोन वर्षं एकदम भरायचं दुःख कमी होईल.

बेतकी४२

आणि पुढे काही नाही म्हणालेच तर १९१५ ला फोन करायचा, ग्राहक हेल्पलाइन आहे. नाहीच ऐकलं तर ग्राहक आयोग, २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असो की बंगळुरूची, आणि ५ लाखापर्यंत फी नाही. मला हे २७,००० घालवल्यावर कळलं.

मडकईची_माई

आता नवीनच. सिरीयल नंबर टाकून बघितला तर वॉरंटी महिन्याने नाही, नऊ दिवसांनी संपतेय! पेटीवाले म्हणाले तसंच. बिल काढलं कपाटातून तर ते गुळगुळीत कागदावरचं, शाई उडून पांढरं झालंय, फक्त दुकानाचं नाव दिसतं. काय करू?

काउंटरवरचा_म्हापसा

घाबरू नका, दुकानाच्या कॉम्प्युटरात असतं, मोबाईल नंबर सांगा, परत प्रिंट काढून देतात. साध्या कागदावर मागा आणि लगेच फोटो काढून ठेवा. उद्याच जा.

मडकईची_माई

जाऊन आले. दोन मिनिटांत प्रिंट दिली, अपलोड केली, तीन दिवसांत तारीख बदलेल म्हणालेत, तोवर थांबत नाही, आज रात्रीच ९,८०० वाला भरते. दुकानदाराने प्रिंट देता देता परत तो ३,००० वाला प्लान काढला. म्हटलं कागद दाखवा. तर म्हणाला, कागद उद्या येईल.