‘मदत’, ‘साहाय्य’ की ‘अनुदान’? : तिमोर-लेस्तेविषयी लिहिताना

प्रश्न : तिमोर-लेस्तेच्या उभारणीवर मी एक दीर्घ लेख लिहीत आहे. २० मे २००२ रोजी स्वतंत्र झालेल्या आग्नेय आशियातल्या या लहान, गरीब देशात आलेल्या परकीय पैशासाठी मी सर्वत्र ‘मदत’ हा शब्द योजला आहे, गावपातळीवरच्या कामांना ‘सामुदायिक विकास’ म्हटले आहे आणि ती कामे ज्यांच्यासाठी झाली त्यांना ‘लाभार्थी’. हे शब्द योग्य आहेत का?

उत्तर : ‘मदत’ चुकीचा नाही, परंतु मराठीत या शब्दाला संकटकाळी, परतफेडीची अपेक्षा न ठेवता केलेल्या उपकाराची छटा आहे. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के मतदारांनी इंडोनेशियापासून वेगळे होण्याचा कौल दिला, त्यानंतर सशस्त्र टोळ्यांनी घरे, शाळा, सरकारी इमारती जाळल्या आणि लाखो लोक डोंगरांत किंवा बेटाच्या इंडोनेशियातल्या भागात, पश्चिम तिमोरमध्ये, विस्थापित झाले. त्या महिन्यांत त्यांना जे धान्य व औषधे मिळाली, ती खरोखरच मदत होती आणि तेथे ‘मदतकार्य’ हाच शब्द शोभतो.

त्यापुढचा पैसा मात्र निरनिराळ्या प्रकारचा आहे. अनेक देशांनी मिळून एक विश्वस्त निधी उभारला आणि त्याच्या व्यवस्थेत जागतिक बँकेचा मोठा वाटा होता. बँकेचे नाव आले की ‘कर्ज’ लिहिण्याची आपल्याला सवय आहे, पण या निधीतला पैसा अनुदानाचा होता. स्वातंत्र्यानंतरची जवळजवळ दहा वर्षे या देशाच्या नेत्यांनी परकीय कर्ज टाळले, म्हणून त्या काळासाठी ‘कर्जसाहाय्य’ लिहिणे म्हणजे त्यांचा एक महत्त्वाचा निर्णयच पुसून टाकणे होय. परदेशी सल्लागारांचे पगार, निवास आणि विमानप्रवास यांवरचा खर्च ‘तांत्रिक साहाय्य’ या नावाने स्वतंत्रपणे लिहावा, असा माझा आग्रह आहे. हा पैसा देशाच्या नावे मांडला जातो, पण त्यातला बराच भाग देशात खर्चही होत नाही. तोही ‘मदत’ म्हणून नोंदला, तर सगळी रक्कम खेड्यापर्यंत पोहोचली अशी वाचकाची समजूत होते. या सर्वांना मिळून एकच शब्द हवा असेल, तर ‘परकीय साहाय्य’ घ्यावा.

आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर १९९९ ते मे २००२ या काळात ‘संयुक्त राष्ट्रांनी तिमोरच्या सरकारला मदत केली’ असे वाक्य लिहिता येणार नाही, कारण तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे संक्रमणकालीन प्रशासन हेच तेथील सरकार होते आणि सेर्जिओ व्हिएरा दे मेलो त्याचे प्रमुख होते. अमेरिकी डॉलर हे तेथील अधिकृत चलन याच प्रशासनाने ठरवले. तेव्हा रकमा डॉलरमध्येच ठेवाव्यात.

पुरवणी : ‘सामुदायिक विकास’ मला खटकतो. मराठीत तो २ ऑक्टोबर १९५२ रोजी भारतात सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमाचे नाव म्हणून रुजला आहे. तो वाचताच गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवक डोळ्यांपुढे येतात. तिमोरमधले गावपातळीचे एकक ‘सुकु’ आहे, त्याखाली वाड्या येतात. ‘ग्रामपंचायत’ न लिहिता ‘सुकु’ हाच शब्द एकदा समजावून पुढे तसाच वापरावा. २००० साली जागतिक बँकेच्या प्रकल्पाने प्रत्येक वाडीतून एक स्त्री व एक पुरुष निवडून परिषदा बनवल्या आणि पारंपरिक गावप्रमुखांना त्यांतून बाहेर ठेवले. स्त्रियांना समान जागा मिळाल्या हे मोलाचे होते, पण गावात शब्द चालत होता तो प्रमुखाचा आणि परंपरा सांगणाऱ्या ‘लिया नाइन’चा, त्यामुळे अनेक ठिकाणी परिषद प्रकल्पाच्या पैशापुरतीच राहिली. अशा ठिकाणी ‘प्रकल्प-परिषद’ म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

तिमोरमधल्या ‘तारा बांदू’ या प्रथेचा उल्लेख आला, तर त्या नावाचे भाषांतर नुसते ‘बंदी’ करू नये. एखाद्या रानातली झाडतोड किंवा फळतोड ठरावीक काळ थांबवायची असे गाव एकत्र बसून ठरवते, विधी होतो आणि खूण म्हणून पाने-फांद्या टांगल्या जातात. आपल्याकडची ‘कुऱ्हाडबंदी’ अर्थाने बरीच जवळची आहे, पण तिच्यात हा विधी येत नाही. म्हणून मूळ शब्द ठेवून हा खुलासा द्यावा.

‘लाभार्थी’ म्हणजे दुसऱ्याने केलेल्या यादीत ज्याचे नाव आहे तो. वृद्धांच्या भत्त्याबाबत तो चालेल. २०१२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुकु विकास कार्यक्रमात मात्र गावकरी पाणीयोजना, रस्ता किंवा पूल यांपैकी काय हवे ते स्वतः ठरवतात आणि काम व हिशेबही सांभाळतात. तेथे ‘गावकरी’ म्हणावे. शिवाय कामांचा पैसा सरकारच्या तिजोरीतून येतो आणि त्या तिजोरीचा मुख्य आधार खनिज तेलाचे उत्पन्न आहे. ऑस्ट्रेलियाने या कार्यक्रमाला तांत्रिक साहाय्य दिले, पण गावांना मिळणारी रक्कम तिमोर-लेस्तेची स्वतःची आहे, तिला ‘परकीय मदत’ म्हणता येणार नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. एवढे भेद प्रत्येक वाक्यात सांभाळले तर लेख जड होणार नाही का?

उत्तर : शीर्षकात आणि ओझरत्या उल्लेखात ‘परकीय साहाय्य’ पुरेल. जेथे रक्कम येते, तेथे मात्र ती कोणी दिली, कोणत्या रूपात दिली आणि कोणाच्या हाती खर्च झाली, हे त्याच वाक्यात यायला हवे. ‘देशाला लाखो डॉलरची मदत मिळाली’ याऐवजी ‘विश्वस्त निधीतून शाळा पुन्हा उभारण्यासाठी अनुदान मिळाले’ असे लिहिले, तर वाक्य दोन शब्दांनीच वाढेल.