गेटसमोरचा रस्ता नेमका कोणत्या वर्गात?

सचिव: मंडळी, गेटसमोरचं डांबर पुन्हा उखडून राहिलं. पावसाळ्यानंतरच थर टाकला होता. सह्यांचं पत्र द्यायचं म्हणतो.

बी-१०३: द्या जी, पण कोणाला? एका ऑफिसात म्हणतात आमचा नाही, दुसऱ्यात म्हणतात ले-आउटचा आहे.

काकाजी (ए-४०२): 'रस्ता खराब आहे' एवढंच लिहू नका. तो कोणत्या वर्गात नोंदला आहे ते आधी विचारा. निधी, जाडी, देखभाल सगळं त्या नोंदीवर चालतं. ही पद्धत आपल्याच गावात ठरली. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात बसले होते. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आजचे राज्यमार्ग, मग जिल्हा मार्ग, शेवटी ग्रामीण मार्ग, ही उतरंड त्या 'नागपूर प्लॅन'ची. १०० चौरस किमीमागे १६ किमी रस्ते, हे २० वर्षांचं उद्दिष्ट होतं.

सी-२०१: माझ्या माहेरच्या रस्त्याच्या बोर्डावर 'इजिमा' लिहिलंय, ते यातलंच का?

काकाजी: हो बेटा, इतर जिल्हा मार्ग. तो जिल्हा परिषदेकडे असतो, आणि प्रजिमा, म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, पीडब्ल्यूडीकडे. दर्जोन्नती झाली, म्हणजे वरचा वर्ग मिळाला, की सांभाळणारं खातंही बदलू शकतं. शहरात वर्ग वेगळे: आर्टेरियल म्हणजे मुख्य रस्ते, सब-आर्टेरियल म्हणजे दुय्यम मुख्य, कलेक्टर म्हणजे गल्ल्यांची वाहतूक मुख्य रस्त्याला नेऊन जोडणारे, आणि लोकल म्हणजे घरापर्यंतचे.

सचिव: मग आपला लोकल झाला ना?

काकाजी: कागदावर तोच असणार. पण चौकातली गर्दी टाळायला जड गाड्या इकडूनच जातात. एक्सलवरचं, म्हणजे दोन बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसावरचं, वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज साधारण १६ पट होते. म्हणून डांबरी रस्त्याची जाडी ठरवताना ३ टन आणि त्यावरच्याच मालवाहू गाड्या आणि बसेस धरतात. स्कूटी-कारचा हिशेबच नाही. काम कलेक्टर रस्त्याचं आणि थर लोकलचा, तर दरवर्षी उखडणारच. पुन्हा तोच पातळ थर मागणं म्हणजे आपलाच कर पाण्यात.

बी-१०३: पण वर्दळीवरच पैसा द्यायचा म्हटलं तर मागच्या गल्लीचा नंबर कधी लागणार? तिथून शाळेची पोरं चिखलातून जातात.

काकाजी: प्रश्न रास्त आहे. त्या गल्लीला जाड थर नको, नाली आणि पाणी वाहून जाईल असा उतार हवा. कमी पैशात होतं. २००० सालच्या ग्रामसडक योजनेत तर मुख्य निकष लोकसंख्येचा होता: सपाट भागात ५०० लोकवस्ती, डोंगराळ-आदिवासी भागात २५०. वर्दळ बघायची तशी पोहोचही बघायची. पत्रात दोन्ही रस्ते वेगवेगळे मांडा, एकाच मागणीत कोंबू नका.

सचिव: ठीक. गेटसमोरच्यासाठी वर्ग बदलायची मागणी, मागच्यासाठी नालीची. मसुदा संध्याकाळी टाकतो. सोबत गाड्यांचा आकडा असला तर बरं.

बी-१०३: गेटच्या सीसीटीव्हीवरून मी मोजतो. रात्री अकरा ते पाच बघू?

काकाजी: सात दिवस, पूर्ण २४ तास बघा. काँक्रीटचे मिक्सर भर दुपारी जातात.

सी-२०१: दुपारचं माझ्याकडे द्या.